उतारा

दर चार तासांनी मी म्हणते, हात पुढे करा.
बोटं फाकवा. डोळे माझ्याकडे.
आणि थरथर मोजते, शून्य ते सात.
काल रात्री इलारिओनची सहा होती,
हातातला चमचा कपावर वाजत राहिला,
बाकीचे उठून बसले.

बाल्त्सच्या या दवाखान्यात दोन बरण्या आहेत.
एकीत चिंब्रिशोर: टेकडीवरचं खुरटं झुडूप,
चोळलं की ओव्याचा वास.
दुसरीत वाळलेलं गवत,
जळक्या साखरेनं रंगवलेलं, संत्र्याच्या सालीनं कडू केलेलं.
दोन्हींत पुदिना, नाकाला चकवायला.
कोणती कुणाला, मला माहीत नाही.
डॉक्टर झिनाइदालाही नाही.
लिफाफा किशिनाऊच्या तिजोरीत.
आम्ही दोघींनी आंधळं राहायचं, हाच नियम.

तिसरी गोष्ट खणात, कुलपात:
झटके येऊ लागले तर द्यायच्या गोळ्या.
त्या खणाशिवाय मी हे काम घेतलं नसतं.
किल्ली माझ्या गळ्यात, क्रुसाच्याच दोऱ्याला.

पावेलला भिंतीवर मुंग्या दिसतात.
किती? मी विचारते, कारण तसा रकाना आहे.
मोजू कशा बाई, त्या हलतायत.
आज वार कोणता?
द्राक्षं तुडवायचा.

माझ्या बापाला हे कुणी विचारलं नव्हतं.
त्याला तळघरात कोंडला, आधी पिंपं वर काढून,
आणि आई तासातासाला जिना उतरून
चिंब्रिशोरचा काढा पाजून यायची.
उतारा म्हणायची त्याला.
तिसऱ्या रात्री पायांखालून टाचांचा आवाज आला,
फरशीवर, भराभर,
लग्नात नाचतात तसा.
आई म्हणाली, ऐक, उतरतेय त्याची.
मग तो थांबला.

सव्वीस वर्षं आई एवढंच म्हणते,
पातळ झाला गं. अजून एक मूठ हवी होती.

फेब्रुवारीत लिफाफा फुटला.
अठ्ठेचाळीस जण, चोवीस आणि चोवीस.
झिनाइदानं आकडे चष्मा काढून वाचले, मग घालून.
फरक नाही.
थरथरीत नाही, घामात नाही, मुंग्यांत नाही.
झोपेत जरासा, तोही योगायोगानं पडावा एवढाच.
झुडपाने कुणाला तारलं नाही, मारलंही नाही.
इलारिओन गवतवाला निघाला.
म्हणाला, आमच्या गाईला कळू देऊ नका.

रविवारी गावी गेले. आई घेवडा निवडत होती.
तिनं काही विचारलं नाही.
बसमध्ये घोकलेलं वाक्य मीच म्हटलं:
आई, घट्ट केला असतास तरी तेच झालं असतं.

तिनं एक खडा बाजूला ठेवला.
मग दुसरा.
म्हणजे मी त्याला नुसतं पाणी पाजत होते, म्हणाली.

मी गप्प. किल्ली पोलक्याच्या आत सरकवली.
खणाविषयी मी तिला कधीच बोलले नाहीये,
आणि त्या रविवारीही नाही:
की तेव्हाही असा एक खण होता,
अकरा किलोमीटरवर, आणि आमच्याकडे घोडा होता.

ती उठली. तसबिरीशेजारच्या खिळ्यावरून
वाळकी जुडी काढली,
तळव्यावर चुरडली, घेवड्याच्या भांड्यात टाकली.
यात मात्र बरं लागतं, म्हणाली.

वाढताना पळी ताटाच्या काठावर वाजली.
सवयच लागलीये, मोजलीच मी.
दोन.
फार तर तीन.